'कमी कर' आणि 'सोड'

महाशिवरात्रीच्या सुमारास आम्ही बीड जिल्ह्यातील धर्मापुरी गावी गेलो होतो. परळी वैजनाथ तालुक्यातले हे जुने गाव. गावात केदारेश्वराचे चालुक्यकालीन मंदिर आहे, किल्ला आहे. मंदिराच्या भिंतींवरील मूर्ती पाहावयास लांबलांबून माणसे येतात. रात्री कीर्तन झाले, आरती झाली, मंडळी पांगली. पाच-दहा जण तेवढे ओट्यावर बोलत बसले होते. त्यांत एक पंचविशीतला मुलगा होता. चाकणकडे कुठल्याशा कारखान्यात कामाला असतो, यात्रेसाठी गावी आलेला. बराच वेळ तो गप्प होता. मग हळूच म्हणाला,

"महाराज, एक विचारू का? राग मानू नका."

"विचार की बाळ."

"आमच्या कंपनीत डॉक्टर म्हणतात, दारू कमी कर. तुम्ही आज कीर्तनात सांगितलं, दारू सोड. माझी कमी झालीय, सुटली नाही. मग मी सुधारलेला का पापी?"

मंडळी हसली. आम्हांला मात्र हसू आले नाही, कारण उत्तर सुचले नाही. मग वेळ मारून नेण्यासाठी आपण जे नेहमी म्हणतो तेच म्हणालो : "बाळ, विठोबाचं नाव घे, सगळं सुटेल." मुलाने मान डोलावली, पाया पडला आणि निघून गेला.

आम्ही सांगितले ते खोटे होते काय? नाही. परंतु ते त्याच्या प्रश्नाचे उत्तरही नव्हते. त्याने विचारले होते की, अर्ध्या वाटेवर उभा असलेल्या माणसाला तुमच्या धर्मात जागा आहे की नाही. आणि आम्ही त्याला मुक्कामाचे नाव सांगून वाटेला लावले. त्या रात्री झोप आली नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला मुद्दाम बोलावून घेतले आणि म्हटले, "तुझ्या त्या डॉक्टरानं काय केलं ते पहिल्यापासून सांग." त्याने सांगितले ते असे.

पगार झाला की दुसऱ्या दिवशी त्याची दांडी ठरलेली. तीन-चार महिने असे झाल्यावर सुपरवायझरने त्याला बाजूला घेतले. शिव्या दिल्या नाहीत, 'तू पितोस काय' असेही विचारले नाही. फक्त हजेरीपत्रक पुढे ठेवले आणि म्हणाला, "हे दिवस बघ. काही त्रास असेल तर आपल्या डॉक्टरांना भेट. तिथं बोलशील ते माझ्याकडं येत नाही." डॉक्टरांनी त्याला दहा प्रश्न विचारले. किती वेळा पितोस, एका बैठकीत किती, पिण्यामुळे कामे राहतात काय, सकाळी उठल्याबरोबर लागते काय, नंतर मनाला टोचणी लागते काय, घरच्या कुणी काळजी बोलून दाखविली काय, असे ते प्रश्न. ही प्रश्नावली त्या कंपनीने काढलेली नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने ती तयार करविली आणि १९८९ साली प्रसिद्ध केली. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण, एकूण ४०. ८ किंवा त्याहून अधिक गुण पडले तर पिणे धोक्याच्या रेषेबाहेर गेले असे समजावयाचे. २० किंवा त्याहून अधिक पडले तर नुसत्या सल्ल्याने भागत नाही, पुरता उपचार पाहिजे. आमच्या मुलाला ११ गुण पडले होते.

मग डॉक्टरांनी त्याला हिशेब दाखविला. शुद्ध मद्यार्क १० ग्रॅम म्हणजे एक माप, असे धरतात. १८० मिलिलिटरची क्वार्टर, शेकडा जवळजवळ ४३ टक्क्यांची, म्हणजे सुमारे ६० ग्रॅम. अर्थात सहा मापे. "महाराज," मुलगा म्हणाला, "मी समजत होतो एक क्वार्टर म्हणजे एकच. तिथं कळलं, सहा."

शेवटी डॉक्टरांनी विचारले, "यातलं तुला काय जमेल?" उपदेश नाही, शपथ नाही. मुलानेच सांगितले : पगार झाला की पैसे आधी आईच्या खात्यावर टाकीन, त्या संध्याकाळी टोळक्याबरोबर जाणार नाही, पाळी असलेल्या आठवड्यात थेंब घेणार नाही. दर पंधरा दिवसांनी भेटावयाचे ठरले. आज वर्ष होत आले. सुटलेली नाही, पण पुष्कळ कमी झाली आहे, आणि दांडी बंद आहे.

अशा योजना कारखान्यांतून आज नव्याने निघालेल्या नाहीत. अमेरिकेत १९४० नंतरच्या दशकात ड्यूपाँट, कोडॅक अशा मोठ्या कंपन्यांनी पिणाऱ्या कामगारास हाकलण्याऐवजी त्याला बरे करावे, असा विचार चालू केला. पुढे १९९६ साली जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने कामाच्या ठिकाणच्या दारू व अमली पदार्थांच्या प्रश्नावर एक आचारसंहिताच काढली. तिचे सार थोडक्यात असे : हा प्रश्न आरोग्याचा समजावा, जो आपण होऊन मदत मागतो त्याची नोकरी इतर आजाऱ्यांसारखीच सांभाळावी, त्याची माहिती गुप्त राहावी. आपल्या महाराष्ट्रात पुण्याला येरवड्याजवळ डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र काढले. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी त्यास पहिले मोठे बळ दिले. तेथे जे स्वतः व्यसनातून बाहेर पडले तेच पुढे दुसऱ्यांचा हात धरावयास उभे राहतात, आणि पिणाऱ्यांच्या बायकांसाठीही 'सहचरी' नावाचा गट आहे. आपण ज्याला संगत म्हणतो, ती हीच नव्हे काय?

असो. आता आपल्या मंडळींच्या मनात ज्या शंका येतील त्या घेऊ. त्या आमच्याही मनात आल्या होत्या.

पहिली शंका. 'कमी पी' म्हणणे म्हणजे 'पी' म्हणणेच नव्हे काय? चोराला कुणी 'कमी चोरी कर' म्हणतो काय?

ही शंका वरवरची नाही, आणि तिला बगल देऊन चालणार नाही. दारू थोडी घेतली तर चांगली, असे आज वैद्यकही म्हणत नाही. कर्करोगाची कारणे शोधणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८८ सालीच मद्याला कर्करोगकारक ठरविले. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या आरंभी स्पष्ट सांगितले की, आरोग्याला बाधणार नाही असे मद्याचे कुठलेही प्रमाण दाखविता येत नाही. तेव्हा 'कमी' म्हणजे 'चांगले' असे त्या डॉक्टरानेही म्हटलेले नाही. त्याने म्हटले ते एवढेच की, सहा मापांपेक्षा दोन बरी, आणि दोनांपेक्षा काहीच नाही ते बरे.

आता आपण वारकरी. आपल्याला चालण्याचे शास्त्र कुणी शिकवावे? माउलींची पालखी आळंदीहून निघते ती काय एका रात्रीत पंढरीस पोचते? पुणे आहे, सासवड आहे, जेजुरी आहे, लोणंद आहे, फलटण आहे. सासवडच्या मुक्कामी असलेल्या वारकऱ्याला कुणी असे विचारते काय, की तू अजून पंढरपुरात का नाहीस? एवढेच विचारतात की, तोंड कुठल्या दिशेला आहे? ज्याचे तोंड पंढरीकडे आहे तो सासवडलाही वारकरीच. मात्र सासवडलाच घर बांधून जो म्हणेल की, 'झाली माझी वारी', त्याला आपण हात जोडून सांगू : बाबा, हा मुक्काम आहे, हे ठिकाण नव्हे. 'कमी कर' हा मुक्काम आहे. त्याला ठिकाण समजू नये, आणि मुक्काम म्हणून हिणवूही नये.

व्रत आणि उपचार ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण विसरतो. तुळशीची माळ हे व्रत आहे. ते पुरतेच असावे लागते; अर्धी माळ कुणी घालीत नाही. परंतु व्रत ज्याचे त्याने घ्यावयाचे असते, दुसऱ्याने लादावयाचे नसते. उपचार मात्र रोग्याची शक्ती पाहून द्यावयाचा असतो. डॉक्टरने व्रताची भाषा बोलू नये, आणि आपण उपचाराला व्रताची मापे लावू नयेत.

दुसरी शंका. हे पाप आहे की रोग? रोग म्हणाल तर माणसाची जबाबदारी संपली. पाप म्हणाल तर डॉक्टरचे काम काय?

आम्हांला वाटते की, हा पेच मधुमेह झालेल्या कुठल्याही म्हाताऱ्याने केव्हाच सोडविला आहे. साखर वाढली हा त्याचा अपराध नव्हे. परंतु पथ्य पाळणे हे त्याचेच काम आहे, ते दुसरा कुणी त्याच्या वतीने करू शकत नाही. तसेच इथे. रोगाचा दोष त्याच्या माथी नाही, पथ्याचा भार मात्र त्याच्या माथी आहे. दोष मारला की माणूस लपतो. भार दिला की माणूस उभा राहतो. कारखान्यातल्या त्या सुपरवायझरने हजेरीपत्रक पुढे ठेवले तेव्हा त्याने भार दिला, दोष मारला नाही.

आणि ही पद्धत आपल्याला परकी तरी कुठे आहे? गाडगेमहाराज (१८७६-१९५६) गावोगाव कीर्तन करीत आणि दारूवर कडाडून बोलत, हे जुन्या मंडळींच्या आठवणीत आहे. परंतु ते कसे बोलत? ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून काढीत. माणसाचे स्वतःचे शब्द त्याच्या स्वतःच्या कानांवर पडले की ते आत उतरतात. १९८३ साली विल्यम मिलर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने व्यसनी माणसाशी कसे बोलावे याचा विचार मांडला, त्याचेही मर्म हेच : तुम्ही युक्तिवाद करू नका, त्याच्या मनात जी ओढाताण चालली आहे ती त्यालाच बोलू द्या. 'यातलं तुला काय जमेल?' हा डॉक्टरचा प्रश्न त्याच जातीचा. आम्ही मात्र त्या रात्री ओट्यावर प्रश्न न विचारता उत्तर देऊन टाकले.

तिसरी शंका. मालकाचा स्वार्थ आहे हो यात. त्याला माणूस नको, त्याला हजेरी हवी.

खरे आहे, स्वार्थ आहे. परंतु पाटाचे पाणी उसासाठी सोडलेले असते, तरी बांधावरचे गवत त्यावर जगतेच. मालकाने हजेरीसाठी का होईना माणूस जगविला, तर त्याच्या घरची चूल पेटते. तेव्हा स्वार्थ आहे म्हणून योजना टाकाऊ ठरत नाही. मात्र दोन अटी घातल्याच पाहिजेत. एक, डॉक्टरच्या खोलीतला कागद मालकाच्या टेबलावर जाता कामा नये. आज उपचाराच्या नावाने बोलते करावयाचे आणि उद्या कामगार कपातीच्या वेळी तोच कागद काढावयाचा, हा विश्वासघात होय. त्यापेक्षा योजना नसलेली बरी. दुसरी, कामगाराची बाटली मोजणाऱ्याने आपले कामाचे तासही मोजावेत. बारा-बारा तासांची पाळी, लागोपाठ रात्रपाळ्या, भट्टीपुढची उष्णता, दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण, आणि मग विचारावयाचे की हा पितो का, हे बरे नव्हे. पिण्याला कारणे आहेत म्हणून पिणे योग्य ठरत नाही. परंतु कारणे तशीच ठेवून पिणे बंद करा म्हणणे हे एका हाताने विहीर उपसून दुसऱ्या हाताने भरण्यासारखे आहे.

येथे दयेच्या नावाखाली होणारी एक चूकही सांगितली पाहिजे. ज्याच्या हाती बस आहे, क्रेन आहे, बॉयलर आहे, तो प्यालेला दिसला तर त्याला त्या क्षणी कामावरून बाजूला केलेच पाहिजे. वाहन चालविणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य सापडले तर तो गुन्हा आहे, असे १९८८ चा मोटार वाहन कायदा सांगतो. 'जाऊ द्या, गरीब आहे' म्हणून त्याला चाकावर बसू देणे ही दया नव्हे. रस्त्यावरच्या लेकराबाळांशी ती निर्दयता आहे. कामावरून उतरवावे, भाकरीवरून उतरवू नये. दुसरे काम द्यावे, उपचाराला धाडावे, बरा झाला की परत घ्यावे.

सज्जनहो, आता ज्यासाठी हा लेख लिहिला त्या गोष्टीकडे येतो. ती सांगावयास जड जाते.

सात-आठ वर्षांमागे आमच्या दिंडीत ह्याच भागातला एक गृहस्थ आला होता. चाळिशीचा, एका कारखान्यात पाळीचे काम करणारा. वीस वर्षे रोज पिणारा. निघण्याच्या दिवशी सर्वांसमोर त्याने माळ घातली आणि म्हणाला, "आजपासून थेंब नाही." आम्ही टाळ्या वाजविल्या, त्याला उचलून धरले. दुसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरू लागले, टाळ धरता येईना. तिसऱ्या रात्री तो राहुटीत ओरडत उठला. अंगावरच्या घोंगडीवर किडे चालताहेत म्हणू लागला, घामाने भिजला, कुणाला ओळखेना. आम्ही काय म्हटले असेल? कुणी म्हणाले, बाहेरची बाधा आहे. कुणी म्हणाले, चोरून प्याला आहे, सोंग करतो आहे. आणि आम्ही, ज्यांनी त्याच्या गळ्यात माळ घातली होती त्या आम्ही, म्हणालो, "माळेचा अपमान झाला. ह्याला गावी धाडा." माळ उतरवून घेतली आणि त्याला एका ट्रकमध्ये बसवून दिले. वाटेत त्याने प्याली म्हणे, आणि थरथर थांबली. आमचा संशय खरा ठरला असे आम्हांला तेव्हा वाटले.

वस्तुतः तो सोंग करीत नव्हता, आणि बाधाही नव्हती. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली म्हणजे काही तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फेफऱ्यासारखे झटके येऊ शकतात, आणि दोन ते चार दिवसांच्या आत कुणाकुणाला भ्रम होतो, नसलेले दिसते, नसलेले ऐकू येते. वेळीच डॉक्टरचा हात लागला नाही तर ह्यात माणूस दगावतोही. त्याला दवाखान्यात ठेवून मज्जा शांत करणारी औषधे देतात, 'ब-१' जीवनसत्त्व देतात, आणि मग हळूहळू सोडवितात. म्हणजे तो गृहस्थ त्या रात्री आपले वचन पाळीत होता म्हणूनच आजारी पडला होता. ज्या रात्री त्याने सर्वांत अधिक निष्ठा दाखविली, त्या रात्री आम्ही त्याला ढोंगी म्हटले. तो वाटेत मेला असता तर त्याचे पाप कोणाच्या माथी गेले असते?

तो मेला नाही, ही पांडुरंगाची कृपा. पुढे चार वर्षांनी त्याच्या कारखान्याच्या डॉक्टरने त्याला पुरत्या उपचारासाठी धाडले, त्याची नोकरी राखून ठेवली, आणि परत आल्यावर वर्षभर दर आठवड्यास त्याची विचारपूस केली. आज तो पीत नाही. हे आम्हांला आमच्याच दिंडीतल्या एका जुन्या टाळकऱ्याकडून कळले. परंतु तो दिंडीत पुन्हा कधी आला नाही. कारखान्याच्या दारातून तो परत आत आला, आमच्या दारातून आला नाही. हे दोन्ही दारांविषयी काय सांगते, ते वाचकांनीच ठरवावे.

येथे एक भेद नीट ध्यानात ठेवला पाहिजे. चाकणच्या मुलाला 'कमी कर' पुरते, कारण दारूने त्याला अजून पुरते धरलेले नाही. ह्या गृहस्थाला 'कमी कर' पुरले नसते. ज्याला सकाळी उठल्याबरोबर लागते, त्याच्यासाठी बहुधा कमीचा रस्ता पुन्हा गुत्त्याकडेच वळतो; त्याने पुरतीच सोडावी, परंतु डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडावी. कोण कुठल्या पायरीवर आहे हे न पाहता सर्वांना एकच वाक्य ऐकविणे, मग ते 'सोड' असो की 'कमी कर', हे अन्यायाचे होय.

आता धर्मापुरीत बसून आणखी एक गोष्ट दिसते, ती चाकणला दिसत नाही. परळीस १९७१ साली वीजकेंद्र सुरू झाले तेव्हापासून ह्या भागातल्या काही घरांना हजेरी, पाळी, कंपनीचा दवाखाना हे शब्द परिचयाचे झाले. परंतु बीड जिल्ह्यातून लाखो माणसे दिवाळी झाली की ऊस तोडावयास जातात, त्यांचा डॉक्टर कोण? त्यांना हजेरीपत्रक नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फेडीपर्यंत सुटका नाही. पहाटेच्या थंडीत फडात उतरावयाचे, रात्री-अपरात्री ट्रक भरावयाचा, आणि अंग ठणकते म्हणून कोपीवर येऊन प्यावयाचे. ह्यातला मोठा अन्याय असा की, उचल दोघांच्या श्रमांवर घेतलेली असते आणि पिणारा एकच असतो. तो पितो ते अर्धे तिच्या कमरेच्या कष्टांचे असते.

तेव्हा कामाच्या ठिकाणी आरोग्याची योजना म्हणजे काय ते उसाच्या फडाला विचारावे. साखर कारखान्यांनी तोडीच्या काळात आठवड्यातून एकदा तळावर डॉक्टर पाठवावा, त्याने त्या दहा प्रश्नांची विचारपूस करावी. मुकादमाने आठवड्याची खर्ची बाईच्या हाती द्यावी. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने जे कल्याण महामंडळ शासनाने काढले आहे त्याने ह्या कामाकडेही पाहावे. ह्यात अशक्य असे काय आहे? आपल्या भाषेत कीर्तनकारांच्या परंपरेलाही फड म्हणतात आणि उसालाही फड म्हणतात. एका फडातल्या माणसांनी दुसऱ्या फडातल्या माणसांची काळजी वाहू नये काय?

आणि आपण काय करावे? कारखान्याचा डॉक्टर पाळी सुटेपर्यंत सोबत असतो. पाळी सुटल्यावर गुत्त्याच्या आणि घराच्या मधला जो एक फर्लांग असतो, तिथे कोण असते? चाकणचा तो मुलगा आम्हांला म्हणाला, "कंपनीत जमतं महाराज. गावी आलो की नाही जमत. वरात असते, मित्र असतात." म्हणजे कंपनीने जे वर्षभर शिवले ते गाव एका रात्रीत उसवते. ह्यासाठी आमच्या मनात चार साध्या गोष्टी येतात.

पहिली, पगाराच्या आणि बाजाराच्या संध्याकाळी भजन ठेवावे. एकादशीला देवळात येणारा बहुधा पिणारा नसतो; पगाराच्या दिवशी देवळाकडे वळला तो मात्र एका दिवसापुरता तरी वाचला. दुसरी, भजनात येणाऱ्याला 'पितोस काय' असे चारचौघांत विचारू नये. माळ नसली तरी टाळ त्याच्या हाती द्यावा. तिसरी, जो रोजचा पिणारा माळ मागतो त्याला दिंडीप्रमुखाने आधी डॉक्टरकडे न्यावे, आणि मग माळ घालावी. माळ आठवडाभर थांबली तर पांडुरंग रागावत नाही. चौथी, जो घसरला त्याच्यासाठी दार उघडे ठेवावे. उतरलेली माळ पुन्हा घालता येते, हे आपण स्वतःच्या बाबतीत मानतो. दुसऱ्याच्या बाबतीत मानावयास जड का जावे? व्यसनाच्या उपचारात पुन्हा घसरणे पुष्कळदा घडते, आणि घसरल्यावर माणूस किती लवकर परत येतो ह्यावर बरेच अवलंबून असते. त्याच्या परतण्याच्या वाटेत आपली जीभ आडवी पडू नये.

कुणी म्हणेल, अशाने नियम ढिले पडतील. नियम ज्याने घेतला त्याच्यासाठी तो कडकच असावा, ह्यात आमचे दुमत नाही. परंतु नियमाचा कडकपणा स्वतःवर चालवावयाचा असतो. तो दुसऱ्यावर चालविला की त्याचा अहंकार होतो. माळ आपल्या गळ्यात आहे ती आपल्याला आवरण्यासाठी, दुसऱ्याला मोजण्यासाठी नव्हे.

धर्मापुरी सोडण्यापूर्वी त्या मुलाला पुन्हा भेटलो. म्हणालो, "बाळ, परवा तुला नीट उत्तर दिलं नाही. तू पापी नाहीस. अन् पोचलेलाही नाहीस. तू चालतो आहेस. थांबू नको म्हणजे झालं." तो म्हणाला, "मग आषाढीला दिंडीत आलो तर चालेल? अजून माळ नाही घातली."

आम्ही म्हटले, "दिंडीत चालायला पाय लागतात, बाळ. ये."

मग त्या दुसऱ्या गृहस्थाचे घर विचारीत गेलो. दारात त्यांच्या मंडळी होत्या. त्यांनी आम्हांला ओळखले. पाणी दिले, बसा म्हणाल्या, पण बोलल्या थोडेच. धनी दुसऱ्या पाळीला गेले आहेत, रात्री येतील, म्हणाल्या. आम्हांला गाडी गाठावयाची होती. निघताना एवढेच सांगितले, "माऊली, त्यांना सांगा, त्या रात्री चूक आमची होती. ते सांगायला आलो होतो." त्यांनी मान हलविली. सांगितले असेल की नाही, ठाऊक नाही. निरोपाने भागणारी ही गोष्ट नव्हे. पुढल्या एकादशीच्या आधी आम्ही पुन्हा जाणार आहोत.

रामकृष्णहरि.